तेरा कोरी वर्षं
मुलांनो, कल्पना करा, गोडादऱ्यातल्या एका गॅरेजसमोर शर्यतीची जुनी गाडी उभी आहे. ती विकत घेणारे भूपेंद्रभाई तिच्या आजवरच्या मालकांची यादी करत आहेत, कारण यादी पूर्ण नसेल तर जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तिला जागा मिळणार नाही. मधली तेरा वर्षं मात्र कोरी आहेत. "सुपडूकाका, तेव्हा मालक कोण होतं?" मेकॅनिक सुपडूने पान्हा आपटला. "भूपेंद्रभाई, पाचव्यांदा सांगतोय! मालक गाडी दुरुस्तीला टाकून वारला, मुलगा तेरा वर्षांनी न्यायला आला. तोवर पावसाळ्यात मीच झाकली, दर रविवारी मीच इंजिन फिरवलं!" "पण तुम्ही थोडेच मालक? मेकॅनिकचं नाव यादीत कसं लिहू?" सुपडूने कपाळावर हात मारला. ऐकत बसलेली त्याची नात हर्षदा उठली. तिने भूपेंद्रभाईंच्या हातातलं पेन घेतलं, कोऱ्या ओळीत लिहिलं, 'सांभाळणारे सुपडूआजोबा', आणि पेन परत दिलंच नाही.