लुकलुकणारं पाणी

बंधाऱ्यातलं पाणी गावाला सोडणाऱ्या जयवंतकाकांनी तांब्या पुढं केला. तो घटाघटा पिऊन बावधनहून आलेली धम्मदीपा काठावर बगळ्यांचे फोटो काढायला बसली. पांढरा रंग फार उजळला, की कॅमेऱ्याच्या पडद्यावर तेवढा भाग लुकलुकायचा. तिनं उजेड कमी केला, मग आणखी कमी केला. बगळ्यांचं पीस न् पीस दिसू लागलं, तरी त्यांच्या पायांजवळचं पाणी लुकलुकतच राहिलं. तिनं फोटो मोठा करून पाहिला. पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. एकही बगळा त्यांना चोच लावत नव्हता.

“काका, आज गावाला पाणी सोडू नका!”

“आगं, मगाशीच सोडलं की. तुला तांब्या दिला, त्यो त्यातलाच.”