बिनवासाचं पाणी

"थेंबमास्तर, जरा हात आखडता घ्या की! पाण्याला नुसता दवाखान्याचा वास मारतो."

"मी हात आखडला, तर उद्या तुमचे हातपाय वळतील, मावशी," म्हणत त्याने बिनसुईच्या सिरिंजने तिच्या हंड्यात क्लोरिन सोडलं. छावणीत कॉलरा शिरल्यापासून या नळावरचं एकही भांडं त्याच्या हातून सुटलं नव्हतं. बायका नाक मुरडायच्या, पण हंडा पुढे करायच्या. पंधरा दिवसांत त्याच्या रांगेतलं एकही माणूस उपचाराच्या पांढऱ्या तंबूत गेलं नव्हतं. त्याला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

दुपारी तो घामाघूम होऊन आपल्या तंबूत शिरला. आईने न मागता तांब्या पुढे केला. त्याने तो घटाघटा रिकामा केला आणि मग एकदम थबकला. तांब्या नाकाशी नेऊन त्याने हुंगला.

"आई, हे पाणी कुठलं?"

"ओढ्याचं. किती नितळ आहे बघ! परवापासून पहाटे जाऊन आणते. तू खुशाल जगाला औषध पाज. तुझी पोरगी मात्र त्या नळाच्या पाण्याला तोंड लावेना. आता कशी मागून मागून पिते!"

"कुठंय ती?"

"निजलीय. सकाळपासून चारदा बाहेर जाऊन आली. ऊन बाधलं असेल."

मुलगी कोपऱ्यात चटईवर पडली होती. डोळे खोल गेलेले, हात गार. ओढ्याचं पाणी पिऊ नका म्हणून त्याने तंबूतंबूत जाऊन कंठशोष केला होता. स्वतःच्या घरी तेवढं कधी सांगितलं नव्हतं. घरच्यांना काय सांगायचं!

आईवर ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण तो पोरीकडे वळला. त्याने पोरीला उचललं आणि तो पांढऱ्या तंबूच्या दिशेने धावत सुटला.

नळावरच्या बायकांनी हंडे बाजूला ओढून त्याला वाट दिली. थेंबमास्तर अशी हाक कुणी मारली नाही.

मागून आईची हाक आली. एका हाताने लुगडं सावरत, दुसऱ्या हातातला भरलेला तांब्या सांडू न देता ती धापा टाकत येत होती.

"अरे, थांब! पोरीला वाटेत तहान लागेल. पाणी तरी घेऊन जा!"