वातीचं पाणी

गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालताना कंबर दुखते म्हणून ती सहज बोलून गेली आणि नवऱ्याने ते फारच मनावर घेतलं. त्याने रंगाच्या रिकाम्या बादल्या गच्चीवर नेल्या, एकात एक बसवल्या आणि वरच्या बादलीच्या बुडाला भोक पाडून त्यातून जुन्या चादरीची जाड वात खाली सोडली. खाली पाणी, वर माती. लागेल तसं पाणी वातीतून आपोआप वर चढणार. कुंड्यांतली टोमॅटो-मिरचीची रोपंही त्यानेच हौसेने त्यांत हलवली.

“नशीब काढलंस बाई!” पलीकडच्या गच्चीवरची शेजारीण म्हणाली. रोज झाडांना पाणी घालताना ती या शेजारणीशी चार शब्द बोलायची. “आमच्या ह्यांना पाण्याचा पेला हातात द्यावा लागतो!”

ती कसनुशी हसली.

“खालचं पाणी संपलं की भरायला यावं लागेल ना मला?” तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

“आठवडाभर पुरेल. रविवारी मी भरत जाईन.”

“आणि टोमॅटो लागल्यावर? ते तोडायला तरी...”

“खाली आणून देईन की! तू कशाला कमरेला त्रास करून घेतेस?”

शेजारीण कौतुकाने बघत राहिली. त्याने बायकोला हाताला धरून जपून जिना उतरवला, गच्चीच्या दाराला नवं कुलूप लावलं आणि घराला रोजच्यासारखं बाहेरून कुलूप घालून तो कामावर गेला.