ओढून पाहणं

ट्रकवरची पोलादी पट्टी आणि ट्रकमागं ओढायच्या घरगाडीची पट्टी यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ दिसत होती. जाडी पाव इंच असेल. जोडणी नीट लागली की दोन्ही पट्ट्या एकमेकींवर टेकतात, मध्ये उजेड राहत नाही. आर्लिसनं गुडघ्यावर हात ठेवून वाकून पुन्हा पाहिलं. रेघ होतीच.

"जोडणी?" तिनं हातातल्या, निघण्याआधीच्या तपासणीच्या कार्डावरून मोठ्यानं वाचलं.

"लागली," तिचा नवरा मर्ल म्हणाला.

"पाहिलीस?"

"पाहिली, बाई. आता पालकांची सही आणू?"

घरगाड्यांच्या या हिवाळी तळावर शेजारच्या जागेवर राहणारा ड्वेन कॉफीचा मग घेऊन निरोप द्यायला आला होता. तो हसला. "मर्ल, तुम्ही नॉर्थ डकोटाला चाललाय की चंद्रावर? मी तर नुसती किल्ली फिरवतो."

"म्हणूनच तू मागच्या वर्षी पाण्याची नळी अर्ध्या रस्त्यापर्यंत फरपटत नेलीस," मर्ल म्हणाला.

बोलताना त्यानं आर्लिसकडे पाहिलं, म्हणजे तिच्या डाव्या कानाच्या थोडं पलीकडे. नजरेच्या मधोमध येईल ते त्याला आता दिसत नव्हतं, कडेनं जेवढं येईल तेवढंच दिसायचं. गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं. "हा हंगाम जाऊ दे," असं तो म्हणाला होता आणि तीही तेच म्हणाली होती. तिचे हात कापत. इतकी जड घरगाडी ओढत नेणं तिच्या हातांना जमणारं नव्हतं. घर विकून तर अकरा वर्षं झाली होती. ही घरगाडी सोडली तर त्यांना दार असं उरलं नव्हतं.

मागच्या मुक्कामांवर जोडणी चुकली की ती काही बोलत नसे. तो आत बूट बदलायला गेला की ती ट्रक चार बोटं मागं घ्यायची, जोडणीचा लोखंडी जबडा मिटल्याचा आवाज ऐकायची आणि कार्डावर खूण करायची. पण परवा दुकानात जाताना एक बाई लहान मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती. आर्लिस ओरडली, तेव्हा कुठं त्यानं ब्रेक दाबला. नंतर दोघंही त्याबद्दल बोलली नाहीत. आता पुढे सतराशे मैल होते.

ड्वेन तिच्या शेजारी येऊन वाकला. त्यालाही रेघ दिसली.

"अगं, ही तर..."

"हो," ती म्हणाली.

मग तिनं कार्डावरची पुढची ओळ वाचली. "ओढून पाहा."

हे सगळेच करतात. घरगाडीचे लोखंडी पाय जमिनीवरच ठेवायचे, तिचे ब्रेक दाबायचे आणि ट्रक हलकेच पुढं ओढायचा. जोडणी लागली असेल तर ट्रक जागच्या जागी अडतो. मगच ते पाय वर घ्यायचे.

मर्ल ट्रकमध्ये चढला. इंजिनचा आवाज वाढला. ट्रक अडला नाही. घरगाडीच्या नाकाखालून तो सरळ पुढं सरकला, एक फूट, दोन, चार. मधली केबल ताणली गेली आणि निसटून खडीत पडली. मग ट्रक थांबला. घरगाडी आपल्या पायांवर तशीच उभी होती, समोर काही नसताना.

ड्वेननं मग खाली ठेवला. "मी लावतो परत," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे. त्याला कळणारही नाही."

"कळलंय त्याला."

"मग काय करणार तुम्ही? सोमवारी इथलं पाणी बंद करतात, आर्लिस. मे महिन्यात या पत्र्याच्या डब्यात माणूस भाजून निघतो."

"माहीत आहे मला."

"तुझी मुलगी?"

"ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिथं एक सोफा आहे." तिनं कार्डाचा कोपरा अंगठ्यानं सरळ केला. "एकाला पुरेल."

ड्वेननं डोक्यावरची टोपी काढली, आत काही शोधत असल्यासारखं पाहिलं आणि परत घातली.

ट्रकची खिडकी खाली आली. मर्लनं मान बाहेर काढली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर पाहत होता. समोर रिकाम्या जागांची रांग होती, प्रत्येक जागेत विजेचा एकेक खांब.

"लागली ना?" त्यानं विचारलं.

आर्लिसनं कार्ड खिशात घातलं.

"ड्वेन, तू बघ रे. लागलीय ना?"

ड्वेननं आर्लिसकडे पाहिलं.

"पुढचं वाच, आर्लिस," मर्ल म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "पाय वर घेऊ? ऊन व्हायच्या आत वाटेतलं फ्लॅगस्टाफ गाठायचंय. पुढचं वाच ना."

ती ट्रकच्या बाजूनं चालत खिडकीपाशी गेली. तो तिच्या कानापलीकडे पाहू लागला. मग तिचा चेहरा कुठंतरी सापडावा म्हणून त्यानं मान थोडी वळवली, आणखी थोडी वळवली. तिनं खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मर्ल, आपण उत्तरेला जात नाही. यंदाही नाही, पुढंही नाही. तू आता गाडी चालवायची नाहीस."