वडील म्हणायचे

“तोरांग देशावर निर्बंध नकोत,” समितीचे सदस्य घोरपडे म्हणाले. “माझे वडील म्हणायचे, शेजाऱ्याची विहीर बुजवू नये, तहान आपल्यालाच लागते.”

समितीच्या अध्यक्ष हेमांगी तारकर चपापल्या. कालपर्यंत निर्बंधांसाठी टेबल बडवणारे विरोधी पक्षाचे इनामदार मघाशी हेच बोलले होते. शब्दन् शब्द, तेही वडिलांच्याच नावाने.

आठवडाभर तोरांगच्या शिष्टमंडळाशी बोलणी चालली होती. पाहुण्यांनी दिलेली दुभाषी यंत्रं सगळ्यांच्या कानात होती. त्या यंत्रांचं मराठी इतकं गोड, की जेवतानाही कुणी ती काढली नव्हती.

हेमांगीताईंनी आपलं यंत्र कानातून ओढून पाण्याच्या ग्लासात टाकलं.

“मतदान थांबवा! यंत्रं काढा आधी. ही वाक्यं तुमची नाहीत, तुमच्या डोक्यात घातलीत!”

“बरं. मग तुमचं स्वतःचं मत काय, ताई?” इनामदारांनी शांतपणे विचारलं.

“निर्बंध लागलेच पाहिजेत. पण...” त्या अडखळल्या. अंगणात बाजेवर बसलेले वडील त्यांना लख्ख दिसले. त्यांचा खरखरीत आवाजही ऐकू आला. “पण माझे वडील म्हणायचे, शेजाऱ्याची विहीर...”

हेमांगीताईंनी ग्लासात बुडालेल्या यंत्राकडे पाहिलं.

वडील गेले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या.