टिनोबा पाहिलेला मुलगा

सिनेमा सुरू होऊन तास झाला, तरी टिनोबा येऊन गेला की अजून यायचाय, हे किशोरला कळेना. मेलेल्या बायकोचा फोटो छातीशी धरून पावसात उभा असलेला तो काळाकभिन्न यंत्रमानव म्हणजेच टिनोबा, ही शंका त्याला मध्यंतरात आली. कार्टून मालिकेतला टिनोबा पत्र्याच्या डब्याएवढा होता. त्याला बायको नव्हती. एकशे चारही भाग किशोरने ताटावर बसून पाहिले होते. बायको असती तर दिसली असती.

शेजारी हर्षाली होती. कांदेपोह्यांऐवजी सिनेमा, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं, कारण दोघांच्याही बायोडेटात 'आवड' या रकान्यात टिनोबा निघाला होता. असं स्थळ नाशिकमध्ये पुन्हा मिळायचं नाही. आधीच्या दोन मुली किशोरने वाद घालून घालवल्या होत्या. म्हणून निघताना आईने बजावलं होतं, "तिला आवडेल ते तुला आवडलं. कळलं? अक्कल पाजळू नकोस."

शेवटी टिनोबाने शहर जाळलं. हर्षालीने डोळे पुसले. आवडलेला दिसतोय, किशोरने ताडलं.

बाहेर आल्यावर तिने रिक्षाला हात केला आणि विचारलं, "कसा वाटला?"

"एक नंबर! अगदी मालिकेसारखा."

"अगदी?"

"डिट्टो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग तुम्ही मालिका पाहिलेलीच नाही." आवाजात राग नव्हता; पेशंटला रिपोर्ट सांगावा तसं ती म्हणाली. "मला तर या लोकांनी बिचाऱ्या टिनोबाचे केलेले हाल बघून रडू आलं. असू दे हो. बायोडेटात सगळेच काहीबाही लिहितात. मीही ट्रेकिंग लिहिलंय. जिना चढले तरी मला घेरी येते."

"अहो, तसं नाही, आईने..."

"आईने पाहिलीय का?" ती रिक्षात बसली. "दादा, द्वारका."

रिक्षा निघाली. किशोर हेल्मेट हातात घेऊन मागे धावला.

"मांजराला घाबरायचा तो!" तो भर रस्त्यात ओरडला. "मालिकेत! मांजर दिसलं की डब्याचं झाकण लावून घ्यायचा!"

फुटपाथवरची दोन माणसं थांबून त्याच्याकडे बघू लागली.

रिक्षा पुढे चौकात जाऊन थांबली. त्याच्यासाठी थांबली की सिग्नलसाठी, हे कळायला सिग्नल हिरवा होईपर्यंत वाट बघणं भाग होतं.