पाऊण तासाचा रस्ता

दौलतरावांनी अंगणात सायकलची घंटी वाजवली आणि पंचफुला हातातला डबा तसाच ठेवून दाराशी आली.

नवी कोरी सायकल, कालच दुर्गहून आणलेली. दांडीवरचा कागदही अजून काढला नव्हता. दौलतराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ; माणूस देवासारखा. "केवल, आजपासून तुही पायपीट बंद. बस मांगं," ते धाकट्या भावाला म्हणाले. "धाकली येईन बायाईसंग."

केवलराम सायकलभोवती उगाच एक चक्कर मारून आला. थोरल्याची माया नाकारायची कशी? आणि नाकारली तर कारण काय सांगायचं?

कारण सांगण्यासारखं नव्हतंच. खुर्सीपारच्या त्या एका खोलीत आठ माणसं. सासू-भासऱ्यांदेखत सुनेने नवऱ्याशी बोलायचं नाही, हा भंडाऱ्याकडचा रिवाज त्यांच्यासोबत रेल्वेत बसून भिलाईला आला होता. कारखान्याच्या बांधकामावर दौलतराव आधीच निघून जात, मागून ही दोघं. तो लोखंड चढवायला, ती घमेली उचलायला. तळ्याच्या वळणापर्यंत ती दहा पावलं मागे राही. वळण गेलं की तो थांबे, आणि मग गेटपर्यंतचा पाऊण तास दोघांचाच. लग्नाला आठ महिने झाले होते. नवरा हसतो कसा, उंचावर चढताना त्याचे पाय लटपटतात, कारल्याची भाजी तो केवळ आईच्या धाकाने खातो, हे सगळं तिला या रस्त्यावरच कळलं होतं. बाकीच्या बाया त्या चालण्याला कंटाळत. पंचफुला मात्र मनोमन त्या मुरमाच्या रस्त्याला रोज हात जोडी.

केवलरामने कॅरिअरला हात लावला, तेवढ्यात थोरली जाऊ मनकर्णाबाई लंगडत बाहेर आली.

"मले न्या. माहा गुडघा धरला हाय."

"कवापासून?" दौलतराव चकितच झाले.

"कवाचाच. गेटजवळच्या दवाखान्यात शेक देतेत म्हणे. महिनाभर रोज जा लागते."

"अन् वापस?"

"येईन कोणाच्या बैलगाडीत बसून."

सासूने डोळे वटारले. सून नवऱ्याच्या मागे बसून वस्तीभर मिरवणार! मनकर्णाबाईने तिकडे पाहिलंच नाही. कॅरिअरवर बसली, भीतीने डोळे गच्च मिटले, आणि सायकल निघाली.

वळणापुढे केवलराम नेहमीसारखा थांबला होता. "वैनीचा गुडघा लवकर बरा होऊ नये, असं म्हनलं तं पाप लागन का वो?" त्याने विचारलं. पंचफुलाला हसू आवरेना. तिचा जीव भांड्यात पडला होता.

अर्धा रस्ता संपला असेल. समोरून एक बाई पदर खोचून झपाझप येताना दिसली. बैलगाडी नाही, काही नाही. वाटेतली नाली तिने एका उडीत ओलांडली.

मनकर्णाबाई!

जवळ येताच ती लंगडू लागली, मग दोघांचे चेहरे पाहून तिने लंगडायचं सोडूनही दिलं. केवलराम खाली मान घालून चार पावलं पुढे गेला. पंचफुला भररस्त्यात तिच्या पाया पडायला वाकली.

मनकर्णाबाईने दंडाला धरून तिला उभं केलं.

"पाया घरी पडजो," ती म्हणाली. "इथला टाइम कावून वाया घालवतं?"